सेकंडहँड जुनी लेन्स हातात आल्यावर काय काय तपासायचं

माझी पहिली जुनी लेन्स म्हणजे हेलिओस ४४-२. रविवारच्या बाजारात एका सतरंजीवर, बंद पडलेल्या इस्त्र्या आणि पितळी कुलपांच्या शेजारी ती पडली होती. उचलली, आकाशाकडे धरून आरपार पाहिलं, स्वच्छ वाटली, अडीच हजार मोजले आणि उड्या मारत घरी आलो. घरी ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं पात्यांचं लहानमोठं होणारं भोक, पूर्ण उघडल्यावर काचेच्या कडेकडेने पांढऱ्या तंतूंचं जाळं दिसलं. विकणाऱ्याने ॲपर्चर १६ वर, म्हणजे जवळजवळ मिटलेलं ठेवलं होतं, मुद्दाम की नकळत ते देव जाणे. पाती मिटलेली असली की मधल्या बारीक भोकातून दिसतं तेवढंच आपण बघतो. कडेचा सगळा कारभार पडद्याआड राहतो.

ती चूक पुन्हा केली नाही. दुसऱ्या बऱ्याच केल्या. मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आहे, मॅन्युअल फोकसची एखादी जुनी लेन्स लावून बघायची हौस आहे, पण समोरचा "एकदम ओके आहे साहेब" म्हणाला की पुढे काय विचारायचं ते सुचत नाही, अशांसाठी हे लिहितोय. उदाहरणं मुख्यतः हेलिओस आणि तिच्या एम४२ भावंडांची घेतली आहेत, कारण नवखे लोक बहुधा तिथूनच सुरुवात करतात. एम४२ म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाचं, आट्यांचं माउंट, लेन्स कॅमेऱ्याला जोडायची बैठक; बाटलीच्या झाकणासारखी लेन्स फिरवून बसवायची. १९४९च्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्यावर ते आलं, १९५७ पासून पेंटॅक्सने उचललं, रशियन झेनिट कॅमेऱ्यांनी पुढे कितीतरी वर्षं चालवलं. त्यामुळे या माउंटच्या लेन्स जगभर पडून आहेत आणि त्या आजच्या कॅमेऱ्याला जोडणारा ॲडॉप्टरही स्वस्तात मिळतो.

माझ्या ओळखीचे एक जुने कॅमेरा मेकॅनिक आहेत, मी त्यांना काका म्हणतो. मी लेन्समधल्या धुळीची तक्रार घेऊन गेलो की ते म्हणतात, "धूळ सगळ्यांच्याच घरात असते रे, वाळवी आहे का ते बघ." तपासणी करताना मी हेच डोक्यात ठेवतो. काचेत दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी फोटोत उतरतच नाहीत, आणि फोटो बिघडवणारे एकदोन दोष असे असतात की काच कितीही निरखली तरी दिसत नाहीत.

घरून निघण्याआधी

बॅटरी भरलेला कॅमेरा, कार्ड, योग्य ॲडॉप्टर, मोबाइल, रबरी ब्लोअर आणि एक मऊ फडकं, एवढं पुरे. कॅमेऱ्याच्या मेनूतली एक गोष्ट मात्र घरीच करून ठेवा. जुन्या लेन्सला विजेचे कॉन्टॅक्ट नसतात, त्यामुळे बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांना वाटतं की लेन्स लावलेलीच नाही आणि शटर दाबलं तरी काही होत नाही. "लेन्स नसतानाही शटर चालू दे" असा पर्याय मेनूत असतो, तो चालू करा. फोकस करताना चित्र मोठं करून बघायचं बटण कुठलं तेही ठरवून ठेवा. दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत मेनू चाळत बसलात की दुकानदार ओळखतो, हा नवा आहे.

आणि दिवसाउजेडी जा. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची आणि दुरुस्तीची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. तिथे जायचं तर दुपारचं ऊन असताना जा, म्हणजे पाच पावलं चालून रस्त्यावर आलं की लांबची इमारत फोकस करून बघता येते. पुण्यातला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे उजेड भरपूर, पण धूळही तितकीच, म्हणून कॅमेऱ्याचं तोंड उघडं ठेवून उभे राहू नका.

टॉर्चच्या आधी डोळे, नाक आणि कान

आधी लेन्स नुसती हातात घ्या. पुढच्या फिल्टर रिंगवरून बोट फिरवा. कुठे चेपली असेल तर लेन्स पडलेली आहे. चेपलेली रिंग म्हणजे लेन्स वाया गेली असं नाही, फिल्टर बसणार नाही एवढंच. पण कॅमेऱ्यावर लावून बघताना चारही कोपरे नीट तपासायचे, ही खूणगाठ बांधा.

मग स्क्रूंची डोकी बघा. खाच झिजलेली, ओरबाडलेली असेल तर आत कोणीतरी हात घातलाय. पुढची नाव लिहिलेली रिंग किंवा मागच्या काचेभोवतीची खाचांची रिंग ओरखडलेली असेल तरी तेच. साठ वर्षांच्या लेन्सची सर्व्हिसिंग झालेली असणं चांगलंच, पण हात कोणाचा होता हे ओरखड्यांवरून कळतं. चांगला मेकॅनिक खुणा ठेवत नाही.

कानाजवळ धरून हलकेच हलवा. किंचित टिकटिक चालते. ऑटो ॲपर्चरच्या (शटर दाबताना पाती आपोआप मिटवणाऱ्या) यंत्रणेत थोडं ढिलं असतंच. पण काहीतरी सुटून गडगडतंय असा आवाज आला तर परत ठेवा. आणि वास घ्या, लोक हसले तरी घ्या. बंद कपाटाचा, ओल्या भिंतीचा कुबट वास आला की पुढची पायरी जास्त लक्ष देऊन करायची.

आता टॉर्च

दोन्ही बाजूंची झाकणं काढा, ॲपर्चर पूर्ण उघडा. हेलिओसवर म्हणजे २ या आकड्यावर. माझे अडीच हजार इथेच गेले होते, म्हणून परत सांगतो, पूर्ण उघडा.

पहिल्यांदा टॉर्चशिवाय, पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे धरून बघा, सूर्याकडे अर्थातच नाही. इथे जे दिसतं ते गंभीर असण्याची शक्यता जास्त. नंतर मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने, थोडा तिरका धरा आणि पुढून आत डोकवा. मग उलट करा. प्रकाश सरळ डोळ्यात येऊ देऊ नका, कोन बदलत राहा. एक धोक्याची सूचना: टॉर्चखाली दुकानातून कालच आणलेली कोरी लेन्ससुद्धा भयंकर दिसते. कण न् कण चमकतो. नवखा माणूस इथे घाबरतो आणि चांगली लेन्स सोडून येतो.

तेव्हा काय दिसलं तर काय समजायचं ते बघू.

सुटे, बारीक, इकडेतिकडे विखुरलेले ठिपके म्हणजे धूळ. सोडून द्या. काचेच्या आत एखाददुसरा गोल बुडबुडा दिसला तर तोही सोडून द्या. जुन्या काळच्या काचेत ओतकामातले बुडबुडे राहत असत आणि फोटोवर त्यांचा काही परिणाम होत नाही. कडेच्या काळ्या रंगाचे टवके उडून पांढरे ठिपके दिसतात, तेही बहुतेक वेळा नुसते दिसायला वाईट.

फंगस मात्र ओळखायला शिका. तंतू, कोळ्याचं जाळं, झाडाच्या फांद्या, खिडकीवर जमलेल्या बर्फाची नक्षी, अशी काहीतरी वाढत गेलेली आकृती असते. बहुधा कडेकडून आत सरकते. बुरशीला लागणारं अन्न म्हणजे धूळ, बोटांचं तेल, ग्रीसचे अंश. आणि ओल तर आपल्याकडे फुकट मिळते. मुंबईत, कोकणात, गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटात ठेवलेल्या चपलेला बुरशी येते, तिथे लेन्सची काय कथा! बुरशी नुसती बसून राहत नाही, तिच्यातून आम्लं सुटतात आणि ती आधी कोटिंग (काचेवरचा पातळ लेप), मग काच खातात. म्हणून नुकतंच लागलेलं फंगस पुसलं जातं, पण जुनं पुसलं तरी त्याची नक्षी काचेवर कोरलेली राहते. बाहेरून बघून हा फरक खात्रीने सांगता येत नाही. "साफ केलं की जाईल" असं विकणारा म्हणाला तर त्याला म्हणा, मग तुम्हीच साफ करून द्या, मी पुढच्या आठवड्यात येतो.

हेज म्हणजे धुक्यासारखा पांढुरका थर. त्याला आकार नसतो, चष्म्यावर वाफ बसावी तसा सगळीकडे सारखा पसरलेला असतो. बऱ्याचदा आतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसून तो होतो आणि उघडून पुसता येतो, पण कधी कोटिंगच गेलेलं असतं. टॉर्चशिवाय हेज चुकून नजरेतून सुटतो, टॉर्चखाली लगेच उठून दिसतो. धुळीला घाबरणारे लोक हेजकडे दुर्लक्ष करतात याचं मला नेहमी नवल वाटतं. हजार धुळीचे कण जे करत नाहीत ते हा एक पातळ थर करतो, अख्खा फोटो फिका पाडतो.

दोन काचा एकमेकींना चिकटवून केलेली जोडी बहुतेक लेन्समध्ये असते. हेलिओस ४४-२ मध्ये सहा काचा चार गटांत आहेत, म्हणजे दोन जोड्या चिकटवलेल्या. जुन्या काळी त्यासाठी कॅनडा बाल्सम नावाचा झाडाचा डिंक वापरत. तो सुटू लागला की कडेला इंद्रधनुषी रंगांचे पट्टे किंवा चमकते डाग दिसतात, पाण्यावर तेल पसरल्यासारखे. हे दुरुस्त होतं, पण मजुरी लेन्सच्या किमतीपेक्षा जास्त होते. लेन्स खाली ठेवा.

ओरखड्यांचं गणित लोकांना उलटं वाटतं. पुढच्या काचेवरचा एक ठळक ओरखडा फोटोत जवळजवळ दिसतच नाही. मागच्या काचेवरचा लहानसाही त्रास देऊ शकतो, कारण सेन्सरच्या जवळ येईतो प्रकाशाची शलाका अरुंद झालेली असते आणि ओरखडा तिचा मोठा हिस्सा अडवतो. म्हणून मागची काच जास्त काटेकोरपणे बघा. पुढच्या काचेवर केसासारख्या असंख्य गोल गोल रेघा दिसल्या तर आधीच्या मालकाने शर्टाच्या टोकाने रोज पुसलीय असं समजा. उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत कॉन्ट्रास्ट पडेल, एरवी चालेल.

राहिला पिवळेपणा. लेन्स पांढऱ्या कागदावर ठेवून वरून बघा. कागद चहा सांडल्यासारखा दिसला तर काचेत थोरियम असण्याची शक्यता आहे. पेंटॅक्सची सुपर टाकुमार ५० एमएम एफ १.४ हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण: तिची सुरुवातीची आठ काचांची आवृत्ती थोरियमशिवाय होती, नंतरच्या सात काचांच्या आवृत्तीत ते आलं. थोरियम किरणोत्सारी आहे आणि त्याच्यामुळेच काच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. कॅमेऱ्यावर लावून वापरण्यात घाबरण्यासारखं काही नाही, मात्र ती उघडून काच घासायची नाही आणि उशाशी ठेवून झोपायचं नाही. पिवळेपणा उन्हात जातो. मागची बाजू ॲल्युमिनियम फॉइलने झाकून काही आठवडे रोज थोडा वेळ ऊन दाखवावं लागतं. फॉइल विसरू नका. भिंगाने कागद जाळायचा खेळ लहानपणी सगळ्यांनी केलेला आहे, खिडकीतला पडदाही तसाच पेटतो.

ॲपर्चर: नखाने चाचणी

रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत पाती बघा. सगळी पाती एकत्र हलायला हवीत, भोकाचा आकार एकसारखा राहायला हवा, कुठलं पातं मागे राहता कामा नये.

हेलिओस ४४-२ हातात घेतलेला प्रत्येक नवखा इथे गोंधळतो. तिला ॲपर्चरच्या दोन रिंगा असतात. एक टकटक वाजत आकड्यांवर थांबते, पण ती फिरवून पाती हलत नाहीत. दुसरी मुकाट, कुठेही न थांबता फिरते आणि पाती उघडते-मिटते. याला प्रीसेट म्हणतात: पहिलीने मर्यादा ठरवायची, उघड्या ॲपर्चरवर फोकस करायचा, मग दुसरी रिंग अडेपर्यंत फिरवायची. टकटक वाजणारी रिंग २ वर असेल तर दुसरी हलणारच नाही. लेन्स बिघडलेली नाही, पहिली रिंग १६ वर न्या.

कॅननच्या जुन्या एफडी लेन्सचं आणखी वेगळं. ती कॅमेऱ्यावरून सुटी असताना रिंग फिरवली तरी पाती जागची हलत नाहीत. ती ॲडॉप्टरवर बसवूनच तपासायची. माझ्या डोळ्यांदेखत एकाने चांगली एफडी "बंद आहे" म्हणून अर्ध्या किमतीत मागितली, आणि विकणाऱ्यालाही माहीत नसल्यामुळे मिळाली.

ऑटो ॲपर्चरच्या एम४२ लेन्सला मागे एक बारीक पिन असते. लेन्सवर ऑटो-मॅन्युअल बटण असेल तर ऑटोवर ठेवा, रिंग ८ किंवा ११ वर न्या आणि पिन नखाने झटकन दाबून सोडा. पाती डोळ्याची पापणी लवावी तशी मिटली आणि उघडली पाहिजेत. निकॉनच्या जुन्या लेन्सला पिनऐवजी मागे लहानशी पट्टी असते, ती सरकवून सोडायची, चाचणी तीच. पाती आळसावून, सावकाश उघडत असतील तर त्यांच्यावर तेल उतरलंय. तिरक्या उजेडात पात्यांवर ओलसर चकाकी दिसते. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेल्या लेन्सचं हमखास हेच होतं: ग्रीस पातळ होऊन वाहतं आणि पात्यांपर्यंत पोचतं.

तेल दिसलं म्हणून लगेच नाही म्हणू नका. प्रीसेट लेन्सवर पाती तुम्ही हाताने फिरवणार, त्यांना सेकंदाच्या शंभराव्या भागात मिटायचं नसतं. तिथे थोड्या तेलाने काही बिघडत नाही, भावात मात्र सांगायचं. ऑटो लेन्स फिल्म कॅमेऱ्यावर वापरणार असाल तर गोष्ट वेगळी. पाती वेळेत मिटली नाहीत तर प्रत्येक फोटो जास्त उजळ येणार. मिररलेसवर ॲडॉप्टर लावून वापरणार असाल तर चिकटलेली पातीही पुढेमागे साफ करून घेता येतात, पण मजुरी विचारल्याशिवाय सौदा करू नका.

फोकस रिंग

जवळच्या टोकापासून अनंतापर्यंत सावकाश फिरवा. सगळीकडे सारखा, जाडसर पण मऊ विरोध जाणवला पाहिजे. जड असेल तर ग्रीस सुकलंय. ते बदलून मिळतं, घाबरायचं कारण नाही. करकर लागत असेल तर आत वाळू आहे, लेन्स कधीतरी समुद्रकिनारी जाऊन आलीय, आणि वाळूने आटे झिजलेले असतात. रिंग थोडी फिरते पण काच पुढेमागे होत नाही, अशी मोकळी जागा लागली तर तो जोडाचा ढिलेपणा. पुढची नळी दोन बोटांत धरून हळूच हलवून बघा, डुगडुगता कामा नये.

कॅमेऱ्यावर लावून

बसवताना जोर लावायचा नाही. एम४२च्या आट्यांचं अंतर एक मिलिमीटर असतं. टी माउंट नावाच्या दुसऱ्या बैठकीचा व्यासही ४२ मिलिमीटरच, पण आटे पाऊण मिलिमीटरचे. एकाचे आटे दुसऱ्यावर एक-दीड फेरा जातात आणि मग अडकतात. तिथून पुढे दाबलं तर ॲडॉप्टरही गेला आणि लेन्सही. ३९ मिलिमीटरच्या आट्यांची गंमत याहून मोठी. सुरुवातीच्या झेनिटला एम३९ माउंट होतं आणि लायका पद्धतीच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांनाही एम३९च. दिसायला सारखं, पण लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर झेनिटमध्ये ४५.२ मिलिमीटर आणि लायका पद्धतीत २८.८. चुकीच्या ॲडॉप्टरवर लावली तर लेन्स ठणठणीत असूनही सगळं धूसर दिसेल.

याच अंतरामुळे आणखी एक गैरसमज होतो. एम४२ला ४५.४६ मिलिमीटर लागतात, निकॉनच्या जुन्या डीएसएलआर माउंटचं अंतर ४६.५ आहे. म्हणजे काचेशिवायच्या साध्या ॲडॉप्टरने एम४२ लेन्स त्या बॉडीवर लांबचं कधीच फोकस करणार नाही. दोष लेन्सचा नाही, जागेचाच आहे. कॅनन ईएफचं अंतर ४४, सोनी ई चं १८, निकॉन झेडचं १६. तिथे ॲडॉप्टरला भरपूर जागा मिळते. निकॉनवाल्यांनी एक जास्तीची काळजी घ्यायची: १९७७ मध्ये लेन्सचं ॲपर्चर बॉडीला कळवणारी एआय पद्धत आली, तिच्या आधीच्या लेन्स नंतरच्या बऱ्याच बॉडींवर थेट लावल्या तर बॉडीवरची लहानशी खीळ मोडू शकते. निकॉनच्या एफटीझेडसारख्या ॲडॉप्टरने मिररलेसवर लावायला हरकत नसते.

आणि ऑटो लेन्सवर मॅन्युअल बटण नसेल तर ॲडॉप्टर मागची पिन दाबणाऱ्या कडेचा असावा लागतो. नाहीतर पाती कायम उघडी राहतात आणि तुम्ही लेन्सला दोष देत बसता.

आता दुकानाबाहेर या. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून दूरचा मोबाइल टॉवर किंवा उंच इमारतीचा गच्चीचा कठडा फोकस करा, काही शे मीटर तरी लांब हवा. चित्र मोठं करून बघा. रिंग शेवटाला टेकायच्या थोडं आधीच सर्वात स्पष्ट दिसत असेल तर ॲडॉप्टर किंचित पातळ आहे, चालतं. शेवटाला टेकली तरी धूसरच राहिलं, तर त्याच ॲडॉप्टरवर दुसरी एखादी एम४२ लेन्स लावून बघा, दुकानात असतेच. तीही धूसर म्हणजे ॲडॉप्टर जाड. तीच फक्त स्पष्ट आली, तर तपासत असलेली लेन्स कोणीतरी उघडून चुकीच्या आट्यावर बसवली आहे. हेलिकॉइडचे, म्हणजे फोकस करताना काचा पुढेमागे नेणारे, आटे बऱ्याच ठिकाणांहून सुरू होतात, आणि नवशिक्याने उघडलेल्या लेन्सचं हे ठरलेलं दुखणं आहे.

यानंतरचं दुखणं टॉर्च दाखवत नाही: आतली एखादी काच तिरकी किंवा सरकलेली असणं. त्यासाठी तोच टॉवर आधी मध्यभागी फोकस करा, मग रिंगला हात न लावता फ्रेमच्या चार कोपऱ्यांत आणून चार फोटो काढा. मोठे करून शेजारी शेजारी बघा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. तीन बरे आणि एक वाईट, किंवा उजवे बरे आणि डावे दोन्ही वाईट, असं असेल तर काच सरकलीय. एकदा एफ ५.६ वर हीच चाचणी करा, तिथेही फरक उरला तर घेऊ नका. हेलिओस उघड्या ॲपर्चरवर कोपऱ्यांत मऊ असते आणि मागच्या झाडाच्या पानांचा भोवरा करते. जिच्यावरून ती बेतलेली आहे त्या जर्मन बायोटार लेन्सचा हा गुण तिच्यात आलाय, आणि लोक ती त्यासाठीच घेतात. भोवरा दिसला म्हणून परत करायला गेलात तर दुकानदार वर्षभर हसेल.

दुकानाची ट्यूबलाइट फ्रेमच्या कोपऱ्यात घेऊन एक फोटो काढा. हेज असेल तर अख्ख्या चित्रावर दुधाचा हात फिरल्यासारखं होतं.

शेवटी कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो) ठेवून, आयएसओ कायम ठेवून, एकाच भिंतीचे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ वर फोटो घ्या. दर टप्प्याला शटरचा वेळ साधारण दुप्पट होत गेला पाहिजे. एखाद्या टप्प्यावर तो बदललाच नाही तर रिंग फिरतेय, पाती हलत नाहीत. १६ वरच्या फोटोत फिकट राखाडी ठिपके दिसतील. ती लेन्समधली धूळ नाही, तुमच्याच सेन्सरवरची आहे. या ठिपक्यांवरून मी एकदा दुकानदाराशी वीस मिनिटं हुज्जत घातली होती.

लेन्स समोर नसेल तर

ऑनलाइन घेताना "मिंट", "ऑप्टिक्स क्लीन" या शब्दांना काडीची किंमत देऊ नका. पाच गोष्टी मागा: ॲपर्चर पूर्ण उघडून टॉर्च लावलेला पुढून फोटो, तसाच मागून, पाती मिटलेली, माउंट, आणि रिंग किंवा पिन हलवतानाचा छोटा व्हिडिओ. प्रामाणिक विकणारा पाठवतो. "सर, फोटो टाकलेत ना" म्हणणाऱ्याकडून मी घेत नाही. परदेशातून मागवत असाल तर कस्टम्सचा खर्च धरूनच भाव मोजा, आणि परत पाठवण्याचा पर्याय कागदावर असला तरी टपालखर्चाने तो नसल्यात जमा होतो हेही धरा.

भाव करताना

धूळ, पुढचा एखादा ओरखडा, चेपलेली रिंग, जड फोकस, हरवलेली झाकणं, ही भाव पाडायची कारणं आहेत. फंगस, सुटलेली जोडी, सरकलेली काच, वाळू, ही उठून जायची. पात्यांवरचं तेल मधलं, लेन्सवर आणि तुमच्या वापरावर अवलंबून. हेलिओससारखी लाखोंनी बनलेली लेन्स असेल तर कुठल्याच दोषाशी तडजोड करू नका. पुढच्या रविवारी दुसरी मिळेल. दुर्मीळ लेन्स असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमची पहिली लेन्स दुर्मीळ असू नये.

घरी आणल्यावर

पहिले काही आठवडे ती बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, एका लेन्समधून दुसरीला "लागण" होते की नाही यावर लोक वाद घालतात. मी वाद घालत नाही, वेगळी ठेवतो. लेन्ससोबत चामड्याची केस आली असेल तर ती कितीही सुंदर असली तरी लेन्स तिच्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि फंगसचं मूळ घर बऱ्याचदा तीच असते.

रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायची. फार खाली गेली तर ग्रीस सुकतं. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर फिरवून पुन्हा वापरा, मात्र ती कढई परत फोडणीला घेऊ नका. तांदळाच्या डब्यात लेन्स पुरून ठेवण्याचा सल्ला अजून कुठेकुठे मिळतो. तांदळाचं पीठ फोकस रिंगमध्ये गेलं की काय होतं ते काकांना विचारा. आणि वापरा. महिनोन्‌महिने अंधारात पडलेल्या लेन्सपेक्षा दर आठवड्याला उन्हात बाहेर जाणारी लेन्स जास्त टिकते, निदान माझ्याकडच्या तरी.

माझी ती अडीच हजारांची हेलिओस काकांनी उघडून साफ केली. तंतू गेले, पण मागच्या काचेच्या कडेला दोन ठिकाणी नक्षी उरलीय. सूर्य फ्रेमच्या बाहेर असला की कळतसुद्धा नाही. मजुरीचे सातशे धरले तर तिची खरी किंमत बत्तीसशे पडली, आणि त्याच सुमाराला बोरा बाजारात स्वच्छ लेन्स अठ्ठावीसशेला मिळत होती.